शेवाळाला थोडा वेळ द्या

खाऱ्या पाण्याची फिशटँक घरात ठेवणाऱ्यांचा एक ठरलेला प्रवास असतो. पहिले दोन-तीन आठवडे सगळं कसं स्वच्छ! पांढरी वाळू, निळसर दिवा, आत नुसते दगड असले तरी माणूस खुर्ची ओढून काचेसमोर बसतो. मग एका सकाळी वाळूवर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग दिसतो. दोन दिवसांत तो दगडांवर चढतो, चार दिवसांत काचेवर. त्यामागून हिरवं येतं, मग केसांसारखं लांब येतं, आणि काहींच्या नशिबी जांभळट-लाल बुळबुळीत चादरही येते. इथे माणूस घाबरतो आणि दुकानाकडे धावतो. दुकानदार एक बाटली देतो, वर दोन-चार गोगलगायी आणि 'शेवाळ खाणारा' एक मासाही देतो. आणि मग खरं नुकसान सुरू होतं.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण निवृत्तीनंतर घरात दोनशे लिटरची टाकी आली आणि ती सांभाळण्यासाठी वाचावं लागलं, मोजावं लागलं, रोजची नोंद लिहायला एक वही घालावी लागली. ही वही आहे हे कळल्यापासून माजी विद्यार्थी, त्यांचे मित्र, मित्रांचे शेजारी असे कितीतरी लोक शेवाळाची तक्रार घेऊन फोन करतात. सगळ्यांना एकेकट्यानं सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

माझं मत थोडक्यात असं: नव्या टाकीत पहिल्या चार-सहा महिन्यांत येणारं शेवाळ हा रोग नाही. टाकी वयात येत असल्याची ती खूण आहे. शेवाळानं टाकीतला जीव सहसा मरत नाही, शेवाळ घालवण्याच्या घाईनं मात्र हमखास मरतो. आणि हे जीव बहुतेक वेळा कुठल्या तरी समुद्रातून पकडून आणलेले असतात, म्हणून हा प्रश्न नुसत्या काचेच्या सौंदर्याचा राहत नाही.

आता हे होतं कसं ते पाहू. आमच्या कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची नवी गडगी घातली की पहिल्या पावसात ती हिरवी-काळी, निसरडी होते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मखमलीसारखं मॉस येतं, मग फटींत नेचे उगवतात. कोणी त्या गडगीला रोगी म्हणत नाही. उघडी जागा, पाणी आणि उजेड मिळाला की आधी ज्यांना फारसं काही लागत नाही असे जीव येतात, जागा धरतात, आणि मागून येणारे त्यांना हळूहळू बाजूला सारतात. नव्या टाकीतला दगड म्हणजे अशीच उघडी गडगी.

सुरुवात होते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंपासून. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ही साखळी नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट माशांना बऱ्यापैकी सोसतं, पण शेवाळाला ते खत. म्हणजे टाकी नेमकी माशांसाठी सुरक्षित होऊ लागते तेव्हाच ती शेवाळासाठीही सुपीक होते. हे एकाच वेळी घडतं म्हणून लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. उलट आहे. जिवाणूंचं काम सुरू झाल्याची ती पावती आहे.

पहिला येतो तो तपकिरी थर. हे डायटम. सूक्ष्म वनस्पतींसारखे जीव, आणि प्रत्येकाभोवती सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, कवच. नव्या वाळूतून आणि नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातून त्यांना सिलिका मिळते. ती संपत आली आणि जागेवर दुसऱ्यांनी हक्क सांगितला की ते आपोआप ओसरतात. माझ्या वहीत एकोणिसाव्या दिवशी 'वाळू तपकिरी' अशी नोंद आहे आणि बेचाळिसाव्या दिवशी 'वाळू पुन्हा पांढरी'. मधल्या तेवीस दिवसांत मी रोज काच पुसली, यापलीकडे त्यासाठी काही केलं नाही.

मग हिरवा पापुद्रा काचेवर येतो, आणि त्यानंतर दगडांवर केसाळ शेवाळ. हे जरा चिवट. हातानं उपटावं लागतं. लाल-जांभळी चादर मात्र खऱ्या अर्थानं शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर अन्न तयार करणारे जिवाणू. जिथे पाणी साचून राहतं, प्रवाह पोचत नाही, तिथे ते अंथरूण घालतात. त्यांचा राग येतो खरा, पण सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो याच घराण्याच्या कृपेनं. तुम्ही-आम्ही श्वास घेतो आहोत ते यांच्या पूर्वजांमुळे, एवढं आठवून मी नळीनं ती चादर ओढून काढतो. रागावत नाही.

एक अपवाद इथेच सांगून टाकतो, कारण 'थांबा' हा माझा सल्ला त्याला लागू नाही. तपकिरी रंगाचं, शेंबडासारखं तारा सुटणारं, आत हवेचे बुडबुडे अडकलेलं आणि दिवा बंद झाल्यावर बरंचसं नाहीसं होणारं काही दिसलं, तर ते डायटम नसून डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता असते. यांच्यातल्या काही जाती विषारी असतात, त्या खाऊन गोगलगायी मरतात. गंमत अशी की हे संकट बहुधा अतिस्वच्छतेतून येतं. कोणी नायट्रेट आणि फॉस्फेट औषधांनी, गाळण्यांनी अगदी शून्यावर नेतो, साधं शेवाळ उपाशी मरतं, आणि मोकळ्या जागेवर हे येऊन बसतात. शाळेतल्या मुलांचा साधा सूक्ष्मदर्शक घरात असेल तर एक थेंब काचपट्टीवर ठेवून बघावा. डायटमला नीटस आकाराचं कवच दिसतं आणि ते जागच्या जागी किंवा सावकाश सरकतं. डायनो गरगर फिरतात. ओळख पटल्याशिवाय उपाय नको.

शेवाळाला खत कुठून मिळतं, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. दोनशे लिटर पाण्यात लिटरमागे दहा मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सगळं मिळून दोन ग्रॅम. फॉस्फेट लिटरमागे शून्य पूर्णांक एक मिलिग्रॅम असलं की आपण चिंतेत पडतो, ते अख्ख्या टाकीत भरतं वीस मिलिग्रॅम, चिमूटभरही नव्हे! आता माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि त्याचं फॉस्फेट होतं सुमारे तीस मिलिग्रॅम. दोन छोट्या माशांना कौतुकानं दिवसाला एक ग्रॅम खाद्य घालणारा माणूस रोज टाकीच्या अख्ख्या साठ्याच्या दीडपट फॉस्फेट ओतत असतो. त्यातलं काही माशांच्या अंगी लागतं, काही दगडांत शोषलं जातं, बाकी शेवाळाच्या पोटात. नातवंडांना माशांना खाऊ घालायची हौस असते. आमच्याकडे त्यासाठी एक नियम आहे, चिमूट आजोबांची, हात नातवाचा.

आणखी एक गैरसमज. लोक पाणी तपासतात, नायट्रेट शून्य येतं, आणि म्हणतात, 'बघा, खत नाहीच, मग शेवाळ कसं?' अहो, खत शेवाळानं खाल्लंय म्हणून पाण्यात दिसत नाही. ताटात भात उरला नाही म्हणून घरात शिजलाच नाही असं थोडंच असतं?

पाण्याचंही तसंच. रत्नागिरीत राहून हा माणूस मीठ विकत आणतो आणि समुद्राचं पाणी घरी बनवतो, म्हणून लोक हसतात. पण किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात पातळ होतं, त्यात खाडीचा गाळ, सांडपाणी, बोटींचं तेल सगळं असतं. सरकारी संशोधन केंद्रांतल्या किंवा मोठ्या मत्स्यालयांतल्या लोकांकडे ते गाळायची, साठवायची सोय असते. माझ्याकडे एक बादली आहे. म्हणून आरओचं आणि त्यापुढे रेझिनमधून काढलेलं पाणी, त्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार भरतील इतकं मीठ. बाष्पीभवनानं पाणी उडालं तर वर गोडं पाणीच घालायचं, कारण मीठ उडत नाही, मागे राहतं. आरओचं फेकायचं पाणी अंगण आणि फरशी धुवायला जातं, ते फुकट घालवू नये. विहिरीचं पाणी थेट ओतणाऱ्यानं मात्र शेवाळाची तक्रार करू नये, कारण सिलिका आणि नायट्रेट तो स्वतःच्या हातानं घालतो आहे.

आता घाईच्या उपायांकडे येतो, कारण मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचं आहे.

एका माजी विद्यार्थ्याचा सकाळी सहाला फोन. "सर, दोन्ही क्लाउनफिश गेले." टाकी दोन महिन्यांची. केसाळ शेवाळ फार वाढलं म्हणून त्यानं आदल्या संध्याकाळी दुकानातून आणलेलं शेवाळनाशक सांगितल्यापेक्षा जास्त घातलं, दिवे बंद केले आणि झोपला. "सर, बाटलीवर लिहिलं होतं माशांना अपाय नाही." मी म्हटलं, "अरे, औषधानं मासे मारले नसतीलही. पण तू एका रात्रीत ओंजळभर वनस्पती मारलीस. ती सडताना पाण्यातला ऑक्सिजन कोणी खाल्ला?" बिचारा गप्प झाला. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो, पाणी गरम असेल तर आणखी कमी. तो मे महिना होता, मध्ये दोन तास वीजही गेली होती. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, आणि सडतं तेव्हा जिवाणू असलेला ऑक्सिजनही संपवतात. त्या मुलाची चूक काढण्यात मला रस नाही. पण ज्यानं ती बाटली 'निश्चिंत वापरा' म्हणून हातात दिली त्यानं टाकी किती जुनी, दगड किती, पंप कुठला, एवढे तीन प्रश्न तरी विचारायला हवे होते.

गोड्या पाण्यासाठीच्या काही शेवाळनाशकांत तांबं असतं. ते कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना जहर आहे, आणि दगडांत मुरून मागे राहतं. लाल चादरीवर काहीजण अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून घालतात. चादर जाते हे खरं, पण ज्या जिवाणूंवर सगळी टाकी उभी आहे त्यांच्यावरही तीच गोळी चालते. शिवाय ते पाणी शेवटी गटारात जाणार. माणसांना लागणारी औषधं काचेवरच्या डागासाठी गटारात ओतणं मला पटत नाही.

दुसरा घाईचा उपाय म्हणजे नोकर ठेवणं. गोगलगायी, हर्मिट खेकडे, टँग मासे. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं १८५० साली गोड्या पाण्यातल्या मासे आणि पाणवनस्पती यांचा मेळ कसा बसतो ते मांडलं, तेव्हा कुजणारा चिकट थर साफ करायला त्यानं तळ्यातल्या गोगलगायी घातल्या होत्या. कल्पना चुकीची नाहीच. चूक आहे ती वेळेत आणि संख्येत. दुकानदार सांगतो, 'दोनशे लिटरला वीस गोगलगायी.' त्या येतात, महिनाभरात काचा चाटूनपुसून लख्ख करतात, आणि मग? खायला उरतं काय? त्या उपाशी मरतात, सडतात, आणि त्यांच्यातून पुन्हा शेवाळाला खत. माझ्या मते दोनशे लिटरला सुरुवातीला चार-पाच पुरे, आणि त्याही हिरवा थर दिसल्यावर, आधी नाहीत. टँगचं तर नावच काढू नये. 'फाइंडिंग नेमो' हा चित्रपट २००३ साली आला तेव्हापासून मुलांना निळा टँग हवा असतो. तो फूटभर वाढतो आणि दिवसभर लांबवर पोहणारा मासा आहे. काचेवरचा हिरवा थर खायला त्याला तीन फुटी टाकीत आणणं म्हणजे अंगणातलं गवत खायला घोडा माजघरात बांधण्यासारखं आहे.

आणि हे सगळे येतात कुठून? क्लाउनफिशची पैदास आता टाक्यांतच होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही ते तंत्र विकसित केलं आहे. निळ्या टँगची टाकीत पैदास २०१६ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पहिल्यांदा जमली. पण बाजारातले बहुतेक समुद्री शोभेचे मासे आणि गोगलगायी अजूनही समुद्रातून उचललेल्या असतात. फिलिपिन्स, इंडोनेशियात तर मासे गुंगवून पकडायला सायनाइड फवारण्याची चाल होती, आणि कायद्यानं बंदी येऊनही ती पुरती गेलेली नाही. तेव्हा आपल्या टाकीत उपाशी मेलेली प्रत्येक गोगलगाय ही कुठल्या तरी खडकावरून कमी झालेली गोगलगाय असते.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला इथे फिलिप हेन्री गॉसची गोष्ट आठवते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, ते उभं करण्यात त्याचा हात होता. १८५४ साली त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि इंग्लंडातल्या मध्यमवर्गाला घरोघरी समुद्र ठेवायचं वेड लागलं. लोक आगगाडीनं किनाऱ्यावर जाऊन खडकांतल्या डबक्यांमधून प्राणी, शेवाळं ओरबाडून आणू लागले. घरी आणलेलं बहुतेक काही दिवसांत मरायचं, मग पुन्हा नवं. गॉसचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली 'फादर अँड सन' या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं की त्याच्या लहानपणी जी डबकी जिवांनी भरलेली होती ती या हौशी गर्दीनं उजाड करून टाकली, आणि याची खंत वडिलांनाही होती. त्या मंडळींना समुद्राचा द्वेष नव्हता, प्रेमच होतं. फक्त घाई होती, आणि मेलं तर दुसरं आणू हा विश्वास होता.

आपल्याकडे निदान एका बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ, समुद्री पंखे आणि सगळे समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्यामुळे 'मालवणहून जिवंत दगड आणून देतो, त्यानं टाकी लवकर बसते' असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. कोरड्या किंवा कृत्रिम दगडांवर टाकी बसायला जास्त वेळ लागतो, शेवाळाचा काळ लांबतो, हे खरं आहे. लांबू दे.

शेवाळ हाच गुन्हेगार नव्हे, हे मला नीट कळलं ते जमैकाच्या प्रवाळांविषयी वाचल्यावर. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खडकांचा निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आलं आणि सगळीकडे शेवाळ माजलं. झालं असं, की शेवाळ खाणारे मासे माणसांनी कित्येक वर्षं बेसुमार पकडून संपवत आणले होते. तरी निभावत होतं, कारण लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन ते काम एकट्यानं ओढत होते. १९८० साली मोठं वादळ झालं, प्रवाळ मोडले. १९८३ साली एक रोग आला आणि कॅरिबियन समुद्रातले नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. चरणारं कोणी उरलंच नाही. शेवाळानं फक्त मोकळी जागा घेतली. ते नेहमी तेवढंच करतं. समुद्रात असो की टाकीत, शेवाळ माजलं की विचारायचा प्रश्न 'हे कसं मारू' हा नसून 'इथे काय जास्त झालंय आणि कोण कमी आहे' हा आहे.

आणि तेच शेवाळ कामालाही लावता येतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी १९८०च्या सुमारास प्रवाळांच्या मोठ्या टाक्या चालवताना शेवाळ मुद्दाम वेगळ्या उथळ तबकांत, भरपूर उजेडात वाढवलं आणि ते नियमित खरवडून काढलं. खत शेवाळात जातं, शेवाळ बाहेर जातं, पाणी स्वच्छ राहतं. माझ्या टाकीखालच्या छोट्या खणात तारेच्या घासणीसारखं दिसणारं किटोमॉर्फा नावाचं शेवाळ आहे. त्याचा दिवा रात्री लागतो. दर पंधरवड्याला मूठभर काढतो, धुऊन खतात टाकतो. त्या मुठीत वरच्या दगडांवर न उगवलेलं शेवाळ असतं. म्हणजे त्याला नको असेल तिथून हाकलायचं, तर हवं असेल तिथे जागा द्यावी लागते.

मग पहिल्या सहा महिन्यांत करायचं काय? फार थोडं, पण रोज. दिवा सुरुवातीला सहा तास, फार तर आठ. खिडकीचं ऊन टाकीवर नको. खाद्य चिमटीनं, आणि गोठवलेलं असेल तर गाळणीत धुऊन. आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलणं, आणि ते काढताना नळीनं शेवाळ ओढून घेणं. केसाळ शेवाळ बोटांनी, जुन्या टूथब्रशनं उपटणं. पाणी साचतं तिथे पंपाचं तोंड वळवणं. नायट्रेट, फॉस्फेट आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहिणं, आणि शून्याच्या मागे न लागणं. नायट्रेट लिटरला पाच-दहा मिलिग्रॅम असलं तर झोप खुशाल घ्यावी. पहिला मासा साखळी बसल्यावर, दुसरा त्यानंतर महिन्याने. आणि एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे बघणं. चार उपाय एकदम केले तर कशानं गुण आला ते कधीच कळत नाही, हे आमच्या पिढीतल्या घरगुती वैद्यांनाही ठाऊक होतं.

यावर काही जण म्हणतात, 'सर, तुमच्यापाशी वेळ आहे. आम्ही नोकरी करतो.' मान्य. पण यातलं रोजचं काम दहा मिनिटांचं आहे. वेळ कामाला लागत नाही, थांबायला लागतो, आणि नोकरी करणाऱ्यालाही थांबता येतं. 'थांबा म्हणजे काहीच करू नका' असंही मी म्हणत नाही. टाकी वर्षाची झाली आणि तरी केसाळ शेवाळ हटत नसेल, तर आता ते बाळपणाचं दुखणं राहिलेलं नाही. तेव्हा खाद्य, पाणी, दगड यांचा हिशेब मांडायलाच हवा. एखादा अधिक अनुभवी माणूस म्हणेल की बाटलीतले जिवाणू, जास्त ताकदीचा स्किमर यांनी हा काळ कमी करता येतो. थोडा करता येतो, नाकारत नाही. पण टाळता आलेला मी अजून पाहिलेला नाही.

आणि ज्याला खरोखरच थांबणं जमत नाही, त्यानं खारी टाकी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यात कमीपणा काही नाही. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आहे, ते बघावं. ओहोटीला कातळावर जाऊन डबक्यात वाकून बघावं, हात न लावता. कातळावरचं शेवाळ, त्यावर चरणाऱ्या शिंपल्या-गोगलगायी, त्यांच्या मागावरचे खेकडे, सगळं फुकट बघायला मिळतं आणि कोणी मरत नाही.

घ्यायचीच असेल तर दुकानात जाण्याआधी एक वही घ्या. पहिल्या पानावर टाकी भरल्याची तारीख लिहा, आणि सहा महिने पुढची तारीख शेवटच्या पानावर. मधल्या पानांवर तपकिरी, हिरवं, लाल जे जे येईल ते लिहीत जा. बाटली विकत घ्यावीशी वाटली तर त्या दिवशीची तारीखही लिहा, आणि दोन आठवडे थांबून पुन्हा ते पान उघडा. पुष्कळदा घ्यायची गरज उरलेली नसते.